पहिली ते तिसरीच्या पोरांना हातानं करून विज्ञान शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत पहिली, दुसरी, तिसरीला शिकवते. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या शिक्षिका, आमच्याच पोरांचे आईबाप, पलीकडचे चंदगडचे काही गुरुजी, सगळे फोनवर फिरून फिरून तेच प्रश्न पाठवत असतात आणि मी पण फिरून फिरून तेच लिहीत बसते, म्हणून आता एकदाच सगळं एका जागी लिहून ठेवलंय. प्रश्न जसे आले जवळजवळ तसेच ठेवलेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर असेल तर तिथला नंबर दिलाय, तेवढं जाऊन बघा.

१. मॅडम, इतक्या लहान पोरांना विज्ञान कशाला? अजून धड वाचता येत नाही त्यांना.

वाचता येत नाही म्हणूनच की. सहा वर्षांच्या पोराला बघता येतं, हाताळता येतं, वास घेता येतो, ओतता येतं, वेगवेगळं करून ठेवता येतं, आणि विज्ञान सुरू व्हायला एवढंच लागतं. आमच्याकडची पोरं शाळेत येण्याआधी भाताची लावणी बघून आलेली असतात, कुठल्या शेतातली माती चपलेला चिकटते ते त्यांना माहीत असतं, फक्त तिथं थांबून कुणी त्यांना "असं का रे?" म्हणून विचारलेलं नसतं.

मी एकच क्रम पाळते. आधी अंदाज सांगायचा, मग हातानं करायचं, आणि शब्द सगळ्यात शेवटी. पहिली काही वर्षं मी उलटं करत होते, फळ्यावर "बीजांकुरण" लिहायचं, पोरांनी ते दहा वेळा उतरवून काढायचं, आणि वर्गातल्या एकानंही बी फुटताना बघितलेलं नसायचं. शब्द आधी दिला की पोरगं शब्द पाठ करतं आणि बघायचं सोडून देतं. खालची सगळी उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

२. सामान काय लागतं? खर्च किती येतो?

घरातलंच सगळं. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, दह्याचे डबे, जुनी सुती साडी फाडून केलेले तुकडे, दोरा, रबरबँड, मीठ, हळद, मूठभर कडधान्य, एक बादली, एक टॉर्च. शिंप्याकडं रिकाम्या रिळा मिळतात, रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडं जुन्या स्पीकरमधला चुंबक मागितला तर बऱ्याचदा फुकट देतो. विकत घ्यायचंच असेल तर एक चांगलं भिंग घ्या, त्याच्यासारखी वस्तू नाही, पोरं महिनाभर मुंग्याच बघत बसतात. बेळगावला खडेबाजारात, गणपत गल्लीत स्टेशनरीच्या दुकानांत विचारा.

तयार किट घेऊ का असं बरेच जण विचारतात. माझं मत नको असंच आहे, कारण किटचा डबा कपाटात कुलपात जातो, आणि जे सामान पोराच्या घरात पण आहे त्याचा प्रयोग ते संध्याकाळी घरी जाऊन परत करून बघतं.

३. आयुष्यात कधी प्रयोग घेतला नाही. पहिला कुठला करू?

तरंगतं की बुडतं. एक बादली पाणी आणि पोरांनी स्वतः गोळा करून आणलेल्या दहा वस्तू. प्रत्येक वस्तू टाकायच्या आधी थांबायचं आणि हात वर करून घ्यायचे, तरंगेल म्हणणारे किती, बुडेल म्हणणारे किती. हे थांबणं विसरलात तर मग ती नुसती पाण्यातली मजा होते.

वस्तू अशा घ्या की अंदाज चुकतील. छोटा खडा आणि मोठा लाकडाचा ओंडका. नारळ. संत्रं तर हमखास घ्या, सालीसकट टाकलं तर तरंगतं, सोलून टाकलं की बुडतं, आणि पोरं हादरतात कारण साल काढून ते हलकं झालेलं असतं ना. सालीत हवेच्या बारीक जागा असतात म्हणून असं होतं, पण ते तुम्ही लगेच सांगू नका, साल बोटांनी दाबून बघू दे, मऊ लागते, कुणीतरी म्हणतंच की आत हवा असंल.

दुसऱ्या दिवशी बटाटा. साध्या पाण्यात बुडतो. मग पेलाभर पाण्यात पाच-सहा चमचे मीठ टाकून नीट विरघळवा, तोच तुकडा वर येतो. चमचा-दोन चमच्यांनी काही होत नाही, तिथंच बरेच जण प्रयोग फसला म्हणून सोडून देतात. मीठ कमी पडलेलं असतं, एवढंच.

४. बी रुजवायचा प्रयोग तर सगळेच करतात. त्यात नवीन काय आहे?

नवीन काही नाही, पण आपल्याकडं तो नीट होत नाही. मूग भिजवले, मोड आले, चित्र काढलं, संपलं. यात पोराला विचार करायला जागाच नाही कारण काय होणार ते त्याला उसळीमुळं आधीच माहीत आहे.

मी जोड्या लावते. अख्खे मूग आणि मुगाची डाळ. भात (टरफलासकटचा, न कांडलेला) आणि तांदूळ. चार वाट्या, चारीत ओला कपडा, आणि प्रश्न हाच की कशाला मोड येतील. आमच्या भागातल्या पोरांचे आईबाप भात पिकवतात, तरी पहिल्या वेळी अर्ध्याच्या वर वर्ग म्हणतो की चारीला येतील, कारण पाणी सगळ्यांना सारखंच घातलंय. मुगाला दुसऱ्या दिवशीच पांढरं टोक येतं. भाताला जरा वेळ लागतो, तीन-चार दिवस धरा. डाळ आणि तांदूळ नुसते फुगतात आणि मग आंबतात.

मागच्या वर्षी तिसऱ्या दिवशी एक पोरगी भाताच्या वाटीजवळ वाकून बसली होती, एकेक दाणा बोटानं उलटा करून बघत होती, मी काही बोलले नाही. मग तिनं तांदळाचा एक दाणा भाताच्या दाण्याशेजारी ठेवला, दोन्ही भिंगाखाली बघितले आणि म्हणाली, "बाई, तांदळाचा कोपरा कुणीतरी खाल्लाय." खरंच तसंच आहे. भात कांडून, पॉलिश करून तांदूळ होतो तेव्हा टोकाचा तो बारीक अंकुर निघून जातो, आणि तांदळाच्या दाण्याच्या एका टोकाला तिरका खळगा राहतो. तुम्ही पण आता डब्यातला एक दाणा घेऊन बघा. रोज शिजवतो आपण, कधी दिसलेला नसतो. डाळीचं पण तेच, दाणा भरडून दोन फाका झाल्या की अंकुर तुटून जातो.

५. आमचं बी रुजलंच नाही, नुसता वास मारायला लागलं. काय चुकलं?

पाणी जास्त झालं. बी पूर्ण बुडवून ठेवलं की त्याला हवा मिळत नाही, कुजतं. रात्रभर भिजवून पाणी ओतून टाका, मग कपडा फक्त ओलसर ठेवा, हातात पिळला तर दोन थेंब पडतील इतका. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं थंडी पडते तेव्हा सगळंच एक-दोन दिवस उशिरा होतं, घाई करू नका. बी जुनं असेल तरी येत नाही. आणि दुकानातल्या पाकिटातलं लाल-गुलाबी रंग लावलेलं पेरणीचं बियाणं पोरांच्या हातात कधीच देऊ नका, त्याला औषध चोळलेलं असतं.

हे चुकलेलं पण टाकू नका, मुद्दाम दाखवा. एक वाटी कोरडी, एक ओलसर, एक काठोकाठ पाण्यात, तिन्ही शेजारी शेजारी. मग पोरंच सांगतात की पाणी पाहिजे पण बुडवायचं नाही. पाऊस जास्त झाला की बाबा शेतातलं पाणी का काढतात, हे पण कुणीतरी आपणहून जोडतं.

६. पोरांपुढं प्रयोग फसला तर इज्जत जाते. तेव्हा काय सांगायचं?

खरं सांगायचं. "मला वाटलं होतं असं होईल, झालं नाही, आता काय बदलून बघूया?" आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मिठाच्या पाण्यातला बटाटा वर आला नाही तर फक्त मीठ वाढवा, बटाटा तोच, पेला तोच. पोरं तुम्हाला कमी समजत नाहीत, उलट त्या दिवशी सगळ्यात जास्त लक्ष देतात. एक करू नका, गुपचूप निकाल बदलू नका. पोरांना ते कळतं.

७. एका वर्गात तीन इयत्ता आहेत, पस्तीस पोरं. सगळ्यांच्या हातात सामान कसं देणार?

सगळ्यांना एकदम द्यायचंच नाही. चार-पाच जणांचे गट, आणि गटात पहिली, दुसरी, तिसरीची पोरं मिसळून. प्रत्येकाला काम. एकजण सामान आणतो, एकजण करतो, एकजण मोजतो, एकजण सांगतो, आणि दर वेळी काम बदलतं. हे बदलणं तुम्ही लक्ष ठेवून करा, नाहीतर दर वेळी मुलगे पाणी ओततात आणि मुली फडक्यानं पुसतात. मी हे माझ्याच वर्गात बघितलंय, तेव्हापासून कामाच्या चिठ्ठ्या काढते.

आपल्या कर्नाटकात कानडी सरकारी शाळांमध्ये पहिली ते तिसरीला नली-कली आहे, म्हणजे आनंदानं शिका, तिथं कार्डं आणि गट असतातच, त्यामुळं तिथल्या मैत्रिणींना ही पद्धत सोपी जाते. आसपास अशी शाळा असेल तर एक दिवस जाऊन बसा. भाषा वेगळी असली तरी वर्ग कसा मांडलाय ते डोळ्यांनी कळतं.

गोंधळाबद्दल पण याच प्रश्नात विचारतात. सामान शेवटी वाटा. आधी प्रश्न, अंदाज, कामं, आणि मग सामान. सामान हातात आल्यावर तुमचं कोण ऐकणार?

८. शब्द मराठीत सांगायचे, कानडीत की इंग्लिशमध्ये? पुढं जाऊन पोरांना अडचण येईल.

सीमाभागातला हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे आणि त्यामागची काळजी खरी आहे, पोराला पुढं कुठल्या भाषेत शिकावं लागेल सांगता येत नाही. तरी पहिली-दुसरीत माझं उत्तर हेच की जी भाषा घरात आहे त्या भाषेत विचार करू दे. सावली लहान का झाली हे पोराला आपल्या भाषेत कळलं की मग त्याला नंतर कुठल्याही भाषेतला शब्द चिकटतो. न कळता नुसतं शॅडो म्हणायला शिकवलं तर हातात फक्त शब्द राहतो.

वर्गात एक-दोन पोरं घरी कानडी बोलणारी असतातच, किंवा आई कानडी आणि बाबा मराठी. त्यांना गप्प करू नका, त्यांच्याकडून शब्द घ्या. आमच्या भिंतीवर एक मोठा कागद आहे, त्यात प्रयोगातल्या वस्तूंची दोन्ही नावं पोरं सांगतात तशी लिहितो: सावली, नेरळु. मूळ, बेरु. माती, मण्णु. पाऊस, मळे. गांडूळ, एरेहुळु. चुंबकाला कानडीत अयस्कांत म्हणतात, तो संस्कृत शब्द आहे, जुन्या मराठीत पण होता, एवढं सांगितलं की पोरांना गंमत वाटते. दुसरीतला एक मुलगा वर्षभर तोंड उघडत नव्हता, त्या कागदासाठी त्याला "तुमच्यात काय म्हणतात रे?" विचारलं, त्या दिवसापासून तोच सगळ्यांच्या आधी हात वर करतो.

९. जून ते सप्टेंबर नुसता पाऊस. बाहेर जाता येत नाही, ऊन नाही. मग काय करायचं?

पाऊसच मोजायचा. सरळ बाजूंचा डबा घ्या, वर निमुळता किंवा पसरट नको, बरणी पण नको. त्याला बाहेरून पट्टीचा कागद चिकटवून वर पारदर्शक टेप लावा, आणि उघड्यावर ठेवा, झाडाखाली नाही, पागोळ्याखाली नाही. रोज शाळा भरताना वाचायचं, लिहायचं, ओतून टाकायचं. सरळ डबा असला की तो लहान असो मोठा असो, पाण्याची उंची सारखीच येते, आणि हे पोरांना अजिबात पटत नाही, म्हणून दोन वेगळ्या मापाचे डबे शेजारी ठेवा आणि त्यांनाच वाचू दे.

कणकुंबी, आमगाव बाजूच्या शाळांनो, खोल डबा घ्या, तिकडं एका दिवसात दहा सेंटिमीटर सहज भरतो आणि डबा वाहून गेला की आकडा गेला. अथणी, रायबागकडच्या ताईंशी आमचे आकडे आम्ही फोनवर बदलतो. एकाच जिल्ह्यात आमचा डबा रोज भरतोय आणि त्यांचा आठवडाभर कोरडा. पोरांनी विचारलंच, "तिकडं ढग जात नाहीत काय?" तर जातात, पण समुद्रावरून आलेले ढग घाट चढताना बरंचसं पाणी इकडंच सांडतात. तिसरीला एवढं पुरे.

पावसाळ्यात गोगलगाई, गांडुळं, जूनच्या सुरुवातीला काजवे. बघायचं, भिंगानं बघायचं, आणि जिथून घेतलं तिथंच सोडायचं. दगड हातानं उचलायचा नाही, खाली विंचू असतो. बाकीचं १३ मध्ये आहे.

१०. सावली बारा वाजता सगळ्यात लहान असते असं सांगितलं, पण पोरांनी मोजलं तर तसं आलंच नाही. आमचं काय चुकलं?

तुमचं काही चुकलं नाही, पोरांनी बरोबर मोजलंय. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे, ती रेघ उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. बेळगाव साधारण साडेचौऱ्याहत्तर अंशावर, म्हणजे आठ अंश पश्चिमेला. एका अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो, आठ चोक बत्तीस मिनिटं. म्हणून आपल्याकडं सूर्य डोक्यावर येतो तो साडेबाराच्या आसपास, महिन्यानुसार थोडं पुढंमागं. हा हिशोब तुमच्यासाठी, पोरांना सांगायचा नाही. पोरांनी फक्त काठी उभी करायची, साडेअकरापासून एकपर्यंत दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडा ठेवायचा, आणि कुठला खडा काठीच्या सगळ्यात जवळ ते बघायचं. काठी सरळ आहे का ते दोऱ्याला दगड बांधून तपासा.

आणखी एक गोम आहे. दुपारची सावली उत्तरेकडं पडते असं आपण सांगतो, ते वर्षातले बरेच महिने खरं आहे, पण मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला सरकलेला असतो, तेव्हा दुपारची सावली दक्षिणेकडं पडते. मधे दोन दिवस असे येतात की उभ्या काठीला सावलीच नसते. ऑगस्टातला दिवस ढगात जातो. मेमधला, तीन-चार तारखेच्या आसपासचा, सुट्टीत येतो, म्हणून मी सुट्टी लागायच्या आधी पोरांना सांगून ठेवते की अंगणात पाण्याचा तांब्या ठेवून साडेबाराला बघा. सूर्याकडं मात्र कधीच बघायचं नाही, सगळं बघायचं ते जमिनीवर.

११. चुंबकाचा तास दहा मिनिटांत संपतो. चिकटलं, नाही चिकटलं, पुढं काय?

पोरांचा पक्का समज असतो की धातू म्हणजे चिकटणार. म्हणून तांब्याचा तांब्या, पितळेची घंटी, अॅल्युमिनियमचं पातेलं, स्टीलचे दोन-तीन वेगवेगळे पेले ठेवा. तांबं, पितळ, अॅल्युमिनियम काहीच चिकटत नाही, स्टीलचं काही चिकटतं काही नाही, आणि तिथं वर्गात भांडण लागतं, ते लागू दे. नाणी पण घ्या, एकाच किमतीची जुनी-नवी वेगळी वागतात.

मग चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ओढ्याच्या वाळूत फिरवा. पिशवीला काळी बारीक भुकटी चिकटते, वाळूतलं लोखंडाचं खनिज ते. पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढला की भुकटी कागदावर पडते. पिशवीशिवाय केलंत तर चुंबकावरून ती काढता काढता तास संपेल. बटणासारखे छोटे ताकदीचे चुंबक अजिबात नको, कारण १३ मध्ये.

१२. आमच्याकडं परिसर अध्ययनात माती आहे. नुसती दाखवून काय शिकणार?

आपल्यासारखा भाग नशिबानं मिळतो. खानापूरकडं लाल माती, चिऱ्याचा दगड, आणि पूर्वेला उतरलं की काळी. पाहुण्यांकडं जाणाऱ्या पोराला एक पिशवी माती आणायला सांगा, तेवढ्यानंच वर्ग जागा होतो.

दोन बाटल्या मधून कापायच्या, वरच्या भागाला तोंडाशी फडकं बांधून उलटं ठेवायचं, एकात लाल, एकात काळी, सारखीच वाटीभर, दोन्ही वाळवून घेतलेल्या. वरून सारखंच पाणी. कुठून आधी टपकतं? लाल, खडेवाली माती पाणी सोडून देते, काळी धरून ठेवते आणि फुगते. मग दोन्हीचे गोळे करून उन्हात ठेवा, काळा भेगाळतो. जेवणाच्या सुट्टीनंतर पोरं पहिलं तिकडंच पळतात.

खानापूरची मडकी आणि कौलं सगळ्यांना माहीत आहेत. मातीच्या मडक्यात आणि स्टीलच्या कळशीत सकाळी एकाच नळाचं पाणी भरा, दुपारी हात घालून बघा. मडक्याला बाहेरून हात लावला की ओलसर लागतं, ते पाणी वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. हे उन्हाळ्यातच करा, पावसाळ्यात हवाच ओली असते, फरक कळत नाही.

१३. कुठल्या गोष्टी अजिबात करायच्या नाहीत?

हे उत्तर घाईत वाचू नका.

प्लगमधली वीज कधीच नाही, कुठल्याही कारणानं नाही. टॉर्चचा सेल चालतो, तो पण फोडायचा नाही. घड्याळातले, खेळण्यातले चपटे बटण सेल पोरांच्या हातात द्यायचे नाहीत, गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, तेव्हा वाट न बघता लगेच दवाखाना. छोटे ताकदीचे चुंबक तसेच, दोन गिळले तर आतड्याच्या घड्या मधे धरून एकमेकांना चिकटतात.

मेणबत्ती, गरम पाणी फक्त तुमच्या हातात, पोरं हातभर लांब. चुना, फिनेल, अॅसिड वर्गात आणायचंच नाही. प्रयोगातलं काही चाखायचं नाही, साखर-मीठ असलं तरी, कारण पोराला मग कुठं थांबायचं ते कळत नाही.

पानं-बिया गोळा करायला पाठवायच्या आधी गुंज, धोत्रा, एरंड, कण्हेर हे चार ओळखायला शिकवा आणि घेऊ नका म्हणून सांगा. गुंजेचं लाल-काळं बी दिसायला फार सुंदर असतं, हमखास खिशात येतं, आणि चावलं तर विषारी. भूछत्रांना हात नाही.

आणि हरभरा. माझ्या वर्गात एकानं नाकात घातला होता, मी घाबरून पाण्यानं धुवायला निघाले तेवढ्यात शेजारच्या वर्गातल्या बाईंनी हात धरला. पाण्यानं दाणा फुगतो, मग निघणं अवघड. चिमट्यानं कोरायचं नाही, पाणी घालायचं नाही, डॉक्टरकडंच न्यायचं. तेव्हापासून पहिलीला मी दाणे मोजून देते आणि मोजून परत घेते.

१४. रंग बदलायचे प्रयोग मोबाइलवर बघून पोरं मागतात. घरातल्या सामानात होईल काय?

हळद. पाण्यात कालवून कागदावर लावा, सुकवा, पट्ट्या कापा. साबणाचं पाणी लावलं की लालसर होतं, त्यावर लिंबू पिळलं की परत पिवळं. साबणाच्या पाण्यात काडी बुडवून पोरं नाव लिहितात, तासभर तोच खेळ. जास्वंदीच्या लाल पाकळ्या गरम पाण्यात भिजवून गाळलेलं पाणी लिंबानं गुलाबी होतं, सोड्यानं हिरवट. हळदीचे डाग कपड्याला पडणार, आदल्या दिवशी घरी कळवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी ऐकून घ्यावं लागणार नाही.

१५. पोरानं विचारलं आणि मलाच उत्तर येत नसेल तर?

"मला पण माहीत नाही, बघूया" म्हणा. मग ते कागदावर लिहून भिंतीला लावा, नाहीतर ते बघूया नुसतं बोलण्यात राहतं. आमच्या भिंतीवर आत्ता सात प्रश्न आहेत, त्यातला एक "मुंगी पावसात कुठं जाते" गेल्या श्रावणापासून आहे, पोरांनी चार वारुळं बघून झालीत.

१६. पालक म्हणतात शाळेत नुसता खेळ चाललाय, वहीत काही दिसत नाही.

वही पाहिजेच, पण उतरवून घेतलेली नको. दोन चौकटी: आधी मला काय वाटलं, नंतर काय झालं. पहिलीला चित्र, तिसरीला दोन ओळी. चुकलेला अंदाज खोडायचा नाही, त्यावर लाल पेन मारायचा नाही. शाळेच्या मीटिंगला पालकांनाच बादलीसमोर बसवा आणि संत्र्याचा अंदाज विचारा. मी एकदा केलं, त्यानंतर खेळ चाललाय म्हणून कुणी आलं नाही.

१७. मार्क कसे द्यायचे?

मार्क देऊ नका. नोंद ठेवायचीच असेल तर पोरानं अंदाज सांगितला का, कारण सांगितलं का, मोजलं का, एवढं बघा. बरोबर अंदाजाला मार्क दिले की पोरं अंदाज सांगायचंच बंद करतात.

१८. विज्ञान दिनाला मॉडेल करायला सांगतात. थर्माकोलचा ज्वालामुखी करू काय?

28 फेब्रुवारी 1928 ला सी. व्ही. रामन यांचा शोध जाहीर झाला म्हणून तो दिवस. त्यांनी प्रकाश द्रवातून जाताना काय होतं ते बघितलं होतं, मग पोरांनी पण त्या दिवशी काहीतरी बघावं असं मला मनापासून वाटतं. ज्वालामुखी आईबाप रात्री जागून करतात आणि पोरगं पाठ केलेली चार वाक्यं म्हणतं. त्यापेक्षा पोराला पाण्याचा पेला, पेन्सिल आणि टॉर्च घेऊन टेबलाजवळ उभं करा. पेन्सिल पाण्यात वाकडी दिसते, पाण्यात दोन थेंब दूध टाकून अंधारात टॉर्च मारला की उजेडाचा पट्टा दिसतो. बघायला येणाऱ्याला पोरानंच आधी अंदाज विचारायचा.

१९. वर्गात एक मुलगी आहे जिला दिसत नाही. तिला यात कसं घेऊ?

तिला पुढं बसवून नुसतं सांगू नका, सगळ्यांना डोळे मिटायला लावा. पिशवीत हात घालून बी ओळखणं, मातीचा पोत, पानाची कड, वाटी वाजवून आवाज ऐकणं आणि वाजती वाटी हळूच गालाला टेकवून थरथर कळणं, यात ती बऱ्याचदा सगळ्यांच्या पुढं असते. मोड आलेला दाणा ओंजळीत द्या, मूळ किती वाढलं ते ती बोटानं मोजेल. पाऊस मोजायला डब्यात काठी बुडवून ओली कुठपर्यंत झाली ते हातानं कळतं.

२०. पोरगं घरी जाऊन आजीला "तुझं चुकीचं आहे" म्हणतं. घरात वाद होतात.

असं झालं की मी आजीलाच कामाला लावते. आजी बियाणं राखेत का ठेवते? कडुलिंबाचा पाला डब्यात का घालते? दोन डबे करा, एकात पाला, एकात नाही, दोन्हीत सारखंच धान्य, तीन महिन्यांनी टोके, म्हणजे धान्यातले किडे, मोजा. आजीचं जे तपासून बघता येतं ते आजीसोबतच तपासायचं. गेल्या वर्षी एका आजीनं तर तिसरा डबा स्वतःहून लावला, राखेचा, आणि पोराला सांगून ठेवलं की उघडायच्या दिवशी मी पण शाळेत येणार. आली, आणि टोके तिनंच मोजले, पोरांना दिसण्याआधी.

२१. घरी एकच मूल आहे, शाळेत असलं काही होत नाही. घरी कुठून सुरू करू?

३ पासून, स्वयंपाकघरातच. भांडी घासताना कुठलं भांडं तरंगतं, वाटी उलटी करून पाण्यात दाबली तर आत पाणी का जात नाही, हे विचारत जा. पेल्याच्या तळाला कोरडा कागद कोंबून पेला उलटा सरळ बादलीत दाबा, कागद कोरडा राहतो, तिरका केला की बुडबुडे येऊन भिजतो. एकच मूल असेल तर अंदाज तुम्ही पण सांगा, आणि खरा सांगा, मुद्दाम चुकीचा नको.

तेच तेच परत करायचं म्हणतं अशी तक्रार पण येते. करू दे. माझ्या भाच्यानं तो पेला पंधरा दिवस रोज दाबला, मग एके दिवशी त्यानं पेल्याऐवजी चाळणी घेतली, आणि "आई, हवा निघून गेली" म्हणून ओरडत बाहेर आला.